गाडीचा ताप

माणसाला ताप आला की त्याच्या काखेत थर्मामीटर ठेवतात, कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवतात आणि घरातले सगळे पाय न वाजवता चालू लागतात. गाडीला ताप आला की मागचे सगळे हॉर्न वाजवू लागतात. दोन तापांतला मला जाणवलेला हा पहिला फरक. दुसरा असा, की माणसाच्या तापाबद्दल डॉक्टरखेरीज कोणी बोलू नये असा एक संकेत निदान कागदोपत्री तरी आहे. गाडीच्या तापाबद्दल मात्र ज्याला सायकल येते तो कोणीही बोलू शकतो. आणि सायकल न येणारा पुणेकर मी तरी अजून पाहिलेला नाही.

आमच्या गाडीला २०२४च्या दिवाळीच्या तोंडावर ताप आला. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. पंधरा वर्षे ती आमच्या घरात सुनेसारखी नांदली. आता एका दुखण्यापायी तिच्या माहेरच्यांना नावे ठेवणे बरे नव्हे. घेतली तेव्हा ती पांढरी होती. पुढे लोक रंग विचारू लागले तेव्हा मी 'मोतिया' असे सांगत असे, आणि अलीकडे काहीच सांगत नाही. तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला यंत्रातले जेवढे कळावे तेवढेच मला कळते. म्हणजे ट्यूबलाइट लागली नाही तर स्टार्टर फिरवून बघायचा, आणि तरीही लागली नाही तर लाइट गेले असावेत असे म्हणून शेजारच्यांच्या खिडकीकडे बघायचे.

या गाडीचा मुख्य उपयोग म्हणजे आईला दर भाऊबीजेला वाईला नेणे. आई चौऱ्याऐंशीची. वाईचे मामा तिच्याहून सहा वर्षांनी मोठे, म्हणजे नव्वद. १९६१ साली लग्न होऊन आई पुण्यात आली, तेव्हापासून तिची एकच भाऊबीज चुकली, २०२०च्या करोनाच्या वर्षीची. आणि तीही चुकली असे ती कबूल करीत नाही, कारण तिने मामांना मोबाइलवर ओवाळले होते. पाटावर मोबाइल उभा करून तिने त्याला कुंकू लावले, अक्षता टाकल्या आणि निरांजन इतक्या जवळून फिरवले की मामा बोलता बोलता दिसेनासे झाले. त्या कुंकवाचा डाग अजून माझ्या मोबाइलच्या काचेवर आहे.

श्रावणात मामा न्हाणीघरात पडले. हाड मोडले नाही. पण तेव्हापासून ते काठी घेऊन ओसरीपर्यंतच येतात. नवरात्रात त्यांचा फोन आला. आई बोलली, हसली, फोन ठेवला आणि मग बराच वेळ वाती वळत बसली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "दर वर्षी दादा 'ये' म्हणतो. या खेपेला म्हणाला, 'जमलं तर ये'."

एवढेच बोलली. पण त्या दिवसापासून या भाऊबीजेला वाईला जाणे हे आमच्या घरात एखाद्या परीक्षेसारखे होऊन बसले.

दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी गाडीची पूजा झाली. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळे यथासांग. नारळ फोडल्यावर आई म्हणाली, "खोबऱ्याचा तुकडा इंजिनापाशी ठेव रे. बाहेर ठेवला की कावळे नेतात. मग तिला काय मिळालं?" वर्षातून एकदा, या एका कारणासाठी मी बॉनेट उघडतो. त्यामुळे ते कसे उघडायचे ते मला दर वर्षी नव्याने शिकावे लागते. या वर्षीही शिकलो, तुकडा बॅटरीच्या कडेला ठेवला, नमस्कार केला आणि बॉनेट लावले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, म्हणजे २६ ऑक्टोबरच्या शनिवारी, आम्ही लक्ष्मी रोडवर गेलो. आईला मामांसाठी लोकरीची कानटोपी घ्यायची होती. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी लक्ष्मी रोडवर मोटार घालणारा माणूस पुण्यात एक तर नवा असतो किंवा त्याच्या गाडीत आई आणि बायको अशा दोघी असतात. कानटोपी मिळाली. तिच्याबरोबर न ठरवलेल्या अकरा वस्तू मिळाल्या. अलका टॉकीजच्या चौकाकडे आमची मिरवणूक निघाली, आणि गणपतीच्या मिरवणुकीलाही लाजवील अशा संथ गतीने पुढे सरकू लागली.

तेवढ्यात माझे लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेले. पंधरा वर्षांत हा काटा अर्ध्याच्या वर गेलेला मी पाहिला नव्हता. तो हलतो हेच मला ठाऊक नव्हते. ते एक चित्र आहे असे मी समजत होतो. आता तो उठला होता आणि वर वर निघाला होता. अशा वेळी मी जे नेहमी करतो ते केले. दुसरीकडे पाहिले. पुन्हा पाहिले तेव्हा काटा लाल रेघेच्या उंबऱ्यावर उभा होता, आणि बॉनेटच्या फटीतून केरसुणीच्या काडीएवढी बारीक वाफ येत होती.

"अहो, काहीतरी शिजतंय," ही म्हणाली.

शेजारून स्कूटरवरचा एक तरुण ओरडला, "काका, गाडी तापलीय! हीटर लावा!"

ऑक्टोबरातली दुपार, बाहेर डोके भाजणारे ऊन, आणि हा मुलगा मला हीटर लावायला सांगतो आहे. पुण्यात अनोळखी माणसाची थट्टा करण्याची जुनी परंपरा आहे, तेव्हा मी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. पण तो तिथेच थांबला. "थट्टा नाही हो! इंजिनाची उष्णता आत ओढली जाईल. काचा खाली करा आणि हीटर पूर्ण सोडा."

मी सोडला. एखाद्या भटारखान्याचे दार उघडावे तशी झळ आत आली. हिच्या कपाळावरचे कुंकू पाघळले. आईने पदराने वारा घेत एवढेच विचारले, "हे मुद्दाम चाललंय का?" पण खरेच, दोन मिनिटांत काटा किंचित खाली आला. हीटरच्या आतही एक छोटासा रेडिएटरच असतो, आणि इंजिनातले गरम पाणी त्यातूनही फिरते, हे मला मागाहून कळले. त्या वेळी मला एवढेच कळत होते की गाडीचा ताप उतरतो आहे आणि आमचा चढतो आहे.

पुलाच्या अलीकडे कशीबशी बाजूला जागा मिळाली. बॉनेट उघडताच माणसे जमली. एकाने इंजिनाकडे पाहून "गेलं," असे म्हटले आणि तो निघून गेला. दुसरा एक परोपकारी गृहस्थ खिशातून रुमाल काढून रेडिएटरचे झाकण फिरवायला सरसावला. एवढ्यात एक रिक्षावाले रिक्षा तशीच उभी करून धावत आले आणि त्यांनी त्याचे मनगट धरले. "ओ साहेब, तोंड भाजून घ्यायचंय का? कुकरची शिटी व्हायच्या आत झाकण उघडता काय घरी?" बोलणे उद्धट होते, पण त्या दिवशी त्या गृहस्थाचा चेहरा त्या उद्धटपणामुळे वाचला. तापलेल्या रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल केले की दाब जातो आणि आतले सगळे एकदम उकळून अंगावर येते. अर्धा तास तरी हात लावू नका, असे बजावून ते गेले. जाताना पुढे वाकून त्यांनी एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने माझी पुढची आठवडाभराची झोप उडवली. "पंखा फिरत नाही का तुमचा?"

"फिरतोय की," ही म्हणाली. "वारा येतोय ना आत."

खरे सांगतो, माझीही समजूत तीच होती.

ती दूर केली आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. काकांची सगळी नोकरी ऑइल इंजिनांच्या कारखान्यात गेली. त्यामुळे जिन्यात कोणी धापा टाकत चढत असला तरी ते आधी कान देऊन ऐकतात. त्यांनी मला पार्किंगमध्ये उभे करून शिकवणी दिली. इंजिनाभोवती पाणी फिरते. नुसते पाणी नव्हे, कूलंट मिसळलेले, म्हणजे ते उशिरा उकळते आणि गंज धरू देत नाही. इंजिन थंड असताना ते आतल्या आत फिरते. तापले की थर्मोस्टॅट नावाची एक झडप उघडते आणि पाणी पुढच्या रेडिएटरकडे जाते. तिथे बारीक नळ्यांतून उतरताना त्याला वारा लागतो आणि ते निवते.

"गाडी पळत असते तेव्हा वारा फुकट मिळतो," काका म्हणाले. "गाडी उभी राहिली की वारा कुठला? म्हणून पंखा. पाणी पंचाण्णव डिग्रीच्या आसपास गेलं की तो आपला आपण सुरू होतो आणि थोडं निवलं की बंद होतो. साधं पाणी उघड्या पातेल्यात आपल्या पुण्यात शंभरालासुद्धा थांबत नाही. आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहोत, अठ्ठ्याण्णवालाच उकळतं."

आपण शंभराच्याही आधी उकळतो, हे पुण्याबद्दल ऐकून मला विशेष आश्चर्य वाटले नाही.

पूर्वी ही भानगड नव्हती, असे काका म्हणाले, आणि ते मला आठवलेही. जुन्या फियाटला, अ‍ॅम्बेसेडरला पंखा असे तो इंजिनाच्याच पट्ट्यावर. इंजिन फिरले की पंखा फिरलाच पाहिजे. त्याला वेगळे मत नव्हते. पुढे १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांचे युग सुरू झाले. इंजिन आडवे बसल्यावर त्याच्या पट्ट्याचे तोंड चाकाकडे आले आणि रेडिएटर राहिला समोर, म्हणून पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर मिळाली. एकत्र कुटुंबातला मुलगा वेगळा राहू लागावा तसा पंखा वेगळा झाला, आणि मग तो कधी उठतो, कधी झोपतो, यावर इंजिनाचे लक्ष राहिले नाही.

तशी जुन्या गाड्यांनाही तापायची हौस होतीच. १९७८ साली आम्ही असेच भाड्याच्या फियाटमधून भाऊबीजेला वाईला निघालो होतो. खंबाटकी घाटात निम्म्यावर ड्रायव्हरने गाडी थांबवली, बॉनेट उघडले, झाकणावर ओले फडके टाकले आणि तो दगडावर बसून बिडी ओढू लागला. घाटात आमच्यापुढे आणखी चार गाड्या अशाच तोंडे उघडून उभ्या होत्या. आईने डबा सोडून सगळ्या गाड्यांतल्या लोकांना दशम्या वाटल्या. मामांसाठी नेलेल्या अनारशांतले फक्त पाच शिल्लक राहिले. गाड्या तापण्यात तेव्हा एक सामाजिक बाजू होती.

काका मुद्द्यावर आले. "पंखा न फिरायला कारणं मोजकीच. फ्यूज, रिले, सेन्सर, वायर आणि मोटर. आणि पाणीच कमी असेल तर सेन्सरला गरम पाणी लागतच नाही, मग तो पंख्याला सांगणार काय? थर्मोस्टॅट बंदच अडकला तरी तेच, इंजिन उकळतं आणि रेडिएटर गार. स्वस्तापासून महागाकडे जा. एक एक वस्तू दोषी नाही असं सिद्ध करत चल. जी उरेल ती चोर."

पाणी पाहिले. थोडे कमी होते, तेवढे भरले. मग काकांनी मला गाडी सुरू करून ए.सी. लावायला सांगितले. आमच्यासारख्या एका पंख्याच्या गाडीत ए.सी. लावला की इंजिन गार असले तरी पंखा फिरू लागतो. तो फिरला नाही. "म्हणजे सेन्सर बिचारा सुटला," काका म्हणाले. "उरले चार." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते दिवाळीसाठी मुलीकडे मुंबईला निघून गेले. उरलेले चौघे माझ्या ताब्यात देऊन.

आता मी काय करायला हवे होते ते तुम्हाला कळले आहे, आणि मलाही कळले होते. पण भाऊबीज सहा दिवसांवर होती. आई रोज सकाळी गॅलरीतून गाडीकडे बघत होती. ही म्हणाली, सरळ भाड्याची गाडी करू. आई म्हणाली, "माहेरी भाड्याच्या गाडीनं? दादाला वाटेल, पोरानं गाडी विकली."

"अगं, इतकी वर्षं एस.टी.नं गेलीसच की."

"एस.टी. वेगळी. ती सगळ्यांचीच होती."

तेव्हा मी एका गॅरेजमध्ये गाडी घेऊन गेलो. मेस्त्रींनी विचारले, काय होतंय? मी काकांकडून नुकताच शिकून आलो होतो, आणि नुकतेच शिकलेल्या माणसाला थांबता येत नाही. मी म्हणालो, "पंख्याची मोटर गेलीय. बदलून टाका." बँकेत असताना औषध-दुकानात जाऊन स्वतःच औषध मागणाऱ्या लोकांना मी हसत असे. मेस्त्रींनी माझ्या तोंडाकडे पाहिले. गिऱ्हाईक स्वतःच रोग सांगतो आहे आणि औषधही सांगतो आहे, तर दिवाळीच्या गर्दीत त्यांनी तरी वाद का घालावा? साडेतीन हजार रुपयांत नवी मोटर बसली. बॅटरीवरून थेट वायर लावून त्यांनी ती फिरवून दाखवली. काय फिरत होती! जुनी मोटर फडक्यात गुंडाळून माझ्या डिकीत ठेवली. मी पेढे घेऊन घरी आलो.

त्याच संध्याकाळी दांडेकर पुलावर काटा पुन्हा वर गेला. हीटर लावून आणि घाम पुसत घरी पोचलो. पेढे त्या झळेत पाघळले होते.

धनत्रयोदशीला, म्हणजे मंगळवारी, मी रिक्षाने नाना पेठेत गेलो. तिथल्या स्पेअर पार्टच्या बाजारात मोटारीचा असा एकही अवयव नाही जो पिशवीत घालून मिळत नाही. चार दुकाने पालथी घातल्यावर एका दुकानदाराने मला काहीही न विकता सांगितले, "तुम्हाला पार्ट नको, वायरिंगचा माणूस पाहिजे," आणि कोपऱ्यावरच्या एका पोराला हाक मारली. मिसरूडही नीट न फुटलेला मुलगा. मी नाइलाजाने त्याला पत्ता दिला. तासाभरात तो स्कूटरवरून आमच्या पार्किंगमध्ये हजर झाला. हातात एक पिशवी आणि एक टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरींना लावलेला एक बल्ब. मी अविश्वासाने त्या बल्बाकडे पाहिले. माझ्याकडून साडेतीन हजार रुपये गेले होते आणि हा माणूस बल्ब घेऊन आला होता.

त्याने आधी फ्यूज तपासला. बल्ब लागला, फ्यूज सुटला. मग त्याने पंख्याचा रिले उपटला, शेजारचा हॉर्नचा रिले उपटला आणि दोघांची अदलाबदल केली. "सारखेच असतात काका. तुमचा रिले खराब असेल तर आता पंखा फिरेल आणि हॉर्न बंद पडेल." पुण्यात हॉर्नवाचून गाडी चालवण्याच्या कल्पनेने माझ्या पोटात गोळा आला. पण पंखा फिरला नाही. त्याने हॉर्न दाबला. हॉर्न असा वाजला की दुसऱ्या मजल्यावरून "कोण आहे रे ते!" अशी साद आली. रिलेही सुटला.

मग त्याने रिलेच्या रिकाम्या खाचेत वायरचा तुकडा घालून दोन टोके जोडली, म्हणजे रिलेचे काम हातानेच केले. पंखा ढिम्म. मग बॅटरीवरून सरळ दोन वायरी मोटरला लावल्या, आणि पंखा भिरभिर फिरू लागला.

"मोटर चांगली आहे."

"नवी आहे," मी म्हणालो.

"जुनी कुठाय?"

मी डिकीतून फडके काढून दिले. त्याने जुनी मोटर फरशीवर ठेवली आणि तिला वायरी लावल्या. ती जमिनीवरून उसळली, गर्रकन फिरली आणि भोवऱ्यासारखी नाचत माझ्या पायापर्यंत आली.

"हीपण चांगली आहे," तो म्हणाला.

यावर कोणीच काही बोलले नाही. पार्किंगमध्ये जमलेले तिघेचौघे शेजारी माझ्याकडे न पाहण्याची काळजी घेत होते, आणि पुण्यात शेजारी तसे करू लागले की माणसाने आपली स्थिती ओळखावी.

"म्हणजे वायर," पोरगा म्हणाला, आणि बॅटरीच्या खाली वाकला. त्याने एक काळी नळी ओढून वर काढली. नळी कुरतडलेली होती. आतली लाल वायर सोलून निघाली होती आणि तांब्याच्या दोन केसांएवढ्या तारांवर लोंबत होती. नळीच्या मागे चिंध्या होत्या, कागदाचे कपटे होते, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या होत्या. आणि या सगळ्या थाटाच्या मधोमध दसऱ्याच्या खोबऱ्याचा तुकडा होता. त्याच्या कडेला बारीक दातांची एक सुंदर नक्षी उमटली होती.

"उंदीर," तो म्हणाला. "वासानं आला. खोबरं खाल्लं, जागा आवडली, राहिला. मग वायर."

मला एकाएकी सगळा उलगडा झाला. श्रीगणेशाच्या वाहनाने माझ्या वाहनाचा नैवेद्य खाल्ला होता आणि वर बडीशेपेऐवजी वायर चघळली होती. एका वाहनाच्या पूजेत दुसऱ्याने यावे हे शास्त्राला धरूनच होते, तक्रार तरी कोणाकडे करणार?

नेमक्या त्याच वेळी आई खाली आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फराळाची बशी. तिने बशी पोराच्या हातात दिली आणि विचारले, "सापडलं का रे बाळा? काय झालं होतं तिला?"

पोराने बशीकडे पाहिले. चकली, शेव, बेसनाचा लाडू. मग त्याने माझ्याकडे पाहिले, आणि दुसऱ्या हातातला खोबऱ्याचा तुकडा मुठीत घेऊन सावकाश पाठीमागे नेला.

"काही नाही आजी, वायर जुनी झाली होती. वय झालं की होतं."

"होतं बाबा," आई म्हणाली. "पण जोडली की चालते ना पुन्हा?"

"चालते की! वाईपर्यंत काय, कोल्हापूरला जा."

त्याने नवी वायर टाकली, वर जाड नळी चढवली, टेप गुंडाळला आणि मला ए.सी. लावायला सांगितले. पुढून 'घर्रर्र' असा आवाज आला. अनेक मोठ्या गवयांचा षड्ज मी ऐकला आहे. असे समाधान झाले नव्हते. त्याने तीनशे रुपये घेतले. लाडू तेवढा कागदात बांधून आईसाठी नेला, म्हणजे त्याच्या आईसाठी.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी होती. पहाटे साडेपाचला निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडताना मला तिथल्या तलावाची आठवण झाली. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी तिथून नळ घालून थेट शहरात पाणी आणले. नुसत्या उतारावर, ना मोटर, ना रिले. उंदीर तेव्हाही असतीलच, पण दगडी नळ कुरतडणारे नसावेत.

शिरवळपर्यंत काटा अर्ध्यावर स्वस्थ बसून होता. रस्ता मोकळा, वारा फुकट. खंडाळा मागे पडला आणि खंबाटकीचा घाट आला. पुण्याकडे परतणाऱ्यांना बोगदा होता, पण जाणाऱ्यांना तेव्हा घाटच चढावा लागत असे. आणि त्या रविवारी निम्मे पुणे आपापल्या बहिणीकडे आणि उरलेले आपापल्या भावाकडे निघाले होते. दुसऱ्या वळणावर रांग थांबली. पहिला गिअर, ब्रेक, पहिला गिअर, ब्रेक. काटा अर्ध्यावरून उठला. एक घर वर गेला. ही बोलायची थांबली. मी उजव्या हाताने स्टिअरिंग आणि डाव्या हाताने हीटरची कळ धरून बसलो. काटा आणखी वर गेला. मागच्या सीटवर आई डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. त्या डब्यात एकवीस अनारसे होते, आणि या वेळी ती ते कोणालाही वाटणार नव्हती.

आणि पुढून आवाज आला. घर्रर्र.

काटा थबकला, मग हळूहळू, उंबऱ्यावरून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखा, खाली आला.

"हा कसला आवाज रे?" आईने विचारले.

"पंखा, आई!"

"मग बंद कर. सकाळची थंडी आहे, मला बाधेल."

पुढच्या वळणावर एक नवीकोरी गाडी कडेला वाफ सोडत उभी होती आणि तिचा तरुण मालक हताश होऊन बॉनेटकडे बघत होता. मी काच खाली केली. स्वतःला आवरण्याचा प्रयत्न केला, पण पन्नास वर्षांचे पुण्यातले वास्तव्य. "अहो, हीटर लावा! आणि झाकण उघडू नका!" मी ओरडलो. तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिला ती मला चांगली ओळखीची होती.

सुरूरला वळून वाईत पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मामा ओसरीवर खुर्चीत बसले होते. धुतलेले धोतर, टोपी, काठी. सहापासून बसले होते असे मामी म्हणाल्या.

"उशीर केलास," मामा म्हणाले.

"गाडीला ताप आला होता," आई म्हणाली.

"मग काढा द्यायचास."

पाट मांडला, रांगोळी काढली. मामांना पाटावर बसता येईना, म्हणून खुर्चीच पाटाशेजारी ठेवली आणि पाय पाटावर ठेवले. आईने तबक उचलले. तिचे हात कापत होते आणि मामांची मानही जरा हलत होती, त्यामुळे निरांजन त्यांच्याभोवती बरोबर गोल फिरत नव्हते. पण दोघांचाही नेम चुकला असे म्हणता आले नसते. मग तिने त्यांना कानटोपी घातली. दर वर्षीप्रमाणे त्यांनी पाकीट दिले आणि दर वर्षीप्रमाणे तिने "कशाला रे दादा" म्हणत ते कमरेला खोचले. जेवण झाले, अनारसे मोजून झाले, दुपार कलली.

निघताना मामा काठी टेकत ओसरीच्या पायरीपर्यंत आले. गाडीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "चांगली आहे अजून गाडी. पुढच्या वर्षी ये."

'जमलं तर' म्हणाले नाहीत. आईने ते ऐकले आणि माझ्याकडे पाहिले. मी ऐकले की नाही ते तिला बघायचे होते.

मग ती मामींनी ओटीत घातलेला नारळ काढून म्हणाली, "हा फोड रे. आज तिनं आपल्याला सुखरूप आणलं, तिला खोबऱ्याचा तुकडा ठेव. आत ठेव हो, इंजिनापाशी. बाहेर कावळे नेतात."

मी नारळ फोडला, एक तुकडा घेतला आणि बॉनेट उघडले. या वेळी ते पहिल्या झटक्यात उघडले. आई खुर्चीत बसून समोर पाहत होती. मामाही पाहत होते. बॉनेट चांगले मोठे होते. त्याच्या आड वाकून मी मनोभावे नमस्कार केला आणि तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

"ठेवलास का?" आईने विचारले.

तोंड भरलेले असल्यामुळे मी नुसती मान हलवली.